साबणदाणीची सुरी

ज्या गावाला एकदा प्यायचं पाणी रेल्वेने आणावं लागलं, त्या गावात राहून मी समुद्राचे शिंपले गोळा करायला निघालो, यातच माझी अक्कल कळते, असं चंद्रप्रभेचं म्हणणं आहे. चंद्रप्रभा म्हणजे माझी पत्नी. तिचं म्हणणं मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे ते सारखं खरं ठरत जातं आणि दरवेळी कबूल करताना मला त्रास होतो.

मी लातुरात एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवत होतो. लातुरात इतिहास शिकवणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत कारल्याचा रस वाढत फिरणं. लोक ताटावर हात आडवा धरतात. इथे प्रत्येक घरातलं पोर डॉक्टर व्हायचं असतं, आणि ज्यांच्या घरात पोर नसतं त्यांनी वरचा मजला डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांना भाड्याने दिलेला असतो. आमच्याही वरच्या मजल्यावर उदगीर, देगलूर, निलंग्याकडची पोरं राहायची. ती मला जिन्यात भेटली की नमस्कार करायची, कारण मी घरमालक होतो. मी शिक्षकही आहे, हे त्यांच्यातल्या एकाला वर्षाअखेरीस कळलं आणि त्याने मोठ्या आशेने विचारलं, "सर, फिजिक्स का केमिस्ट्री?" मी इतिहास म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्या घरात काही दुःखद घडलं असावं.

तर यंदा प्राचार्यांनी मला बोलावलं आणि चहा न देता सांगितलं की अकरावी कलाशाखेला पोरं आली नाहीत तर तुकडी बंद होणार आणि मी अतिरिक्त ठरणार. अतिरिक्त हा आमच्या खात्यातला फार भयंकर शब्द आहे. माणूस जिवंत असतो, पगार चालू असतो, पण त्याला बसायला खुर्ची नसते. मग संस्थेच्या ज्या शाळेत जी जागा रिकामी असेल तिथे त्याला नेऊन बसवतात, आणि तिथे जो विषय असेल तो त्याला येतो असं मानतात. शिवाय संस्थेचे अध्यक्ष शेषेराव यांचा माझ्या वर्गखोलीवर केव्हापासून डोळा होता. तिथे त्यांना गार हवेचा, म्हणजे एसी लावलेला, डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास काढायचा होता. म्हणजे मी जाणं ही फक्त पोरं न येण्याची गोष्ट नव्हती, खोलीच्या क्षेत्रफळाचीही होती.

मला इतिहास मनापासून आवडतो. हे लातुरात उघड बोलायची सोय नाही म्हणून इथे लिहून ठेवतो. ती खोली गेली असती तर मला घर गेल्यासारखं वाटलं असतं.

याच दिवसांत मोबाईलवर एक दाढीवाला परदेशी मनुष्य दिसला. अर्धी चड्डी घालून तो समुद्रकाठी बसला होता. त्याने एक शिंपला दगडाने ठोकला, दुसऱ्या दगडावर घासला आणि त्याच्या धारेने मासा चिरला. एवढ्यावर लाखो लोकांनी त्याला शाबासकी दिली होती. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दहावीची पोरं आणि त्यांचे आईबाप बोलवायचे, त्यांच्यासमोर आदिमानवासारखी शिंपल्याची सुरी करून दाखवायची, पोरांच्या हातात द्यायची, आणि इतिहास ही पाठ करायची नव्हे तर करून बघायची गोष्ट आहे हे पटवायचं. शिंपलेच का, दगड का नको, असं प्राचार्यांनी विचारलं. मी म्हटलं, लातुरात दगड बघायला कोण येईल? हे त्यांना लगेच पटलं आणि त्यांनी मंजुरी दिली. महाविद्यालयात माझं इतकं पटकन कुणालाच कधी पटलं नव्हतं. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

खरेदीसाठी कार्यालयातल्या रविकांतकडे गेलो. रविकांत मूळचा नांदेडचा. त्याने फाइलमधून डोकं वर न काढता सांगितलं की तीन दुकानदारांची दरपत्रकं लागतील. लातुरात शिंपल्याचे तीन दुकानदार कुठून आणू, असं विचारल्यावर तो म्हणाला, "सर, मी तुमच्या भल्याचंच सांगायलो. माल नसला तरी चालंल, दरपत्रक पाहिजे." शेवटी हार्डवेअरवाला, किराणावाला आणि खतबियाणेवाला यांच्या हातापाया पडून पत्रं आणली. खतवाल्याने शिंपल्यांचा भाव क्विंटलने लिहिला होता आणि पोत्याचे वेगळे लावले होते. रविकांतने ती पत्रं कौतुकाने लावून घेतली आणि मग सांगितलं की या वर्षीचा निधी संपला आहे.

त्यातच जीवशास्त्राच्या एका सहकाऱ्याने मला कोपऱ्यात घेऊन हळूच सांगितलं की काही शंखशिंपले बाळगायला कायद्याने बंदी आहे, उगाच नोकरी जायची. नोकरी वाचवायच्या नादात नोकरी जाऊ नये म्हणून मी वनखात्यात गेलो. आमच्या जिल्ह्यात जंगल औषधालाही नाही, त्यामुळे त्या कार्यालयात शांतता भरपूर. साहेबांनी मला बसवून घेतलं, शिंपला ही वनस्पती का प्राणी याची माझ्याशी चर्चा केली आणि मत्स्य खात्याकडे पाठवलं. मत्स्य खात्याने सांगितलं की आम्ही मांजरा धरणातल्या जिवंत माशांचं बघतो, मेलेल्याचं कवच आमच्याकडे येत नाही, वनखात्यात जा. दुसऱ्या खेपेला वनखात्यातल्या साहेबांनी कंटाळून माझ्याच अर्जावर शेरा मारला की समुद्र या कार्यालयाच्या कार्यक्षेत्रात येत नाही. तो कागद मी लॅमिनेट करून ठेवला आहे. सरकारकडून मला मिळालेलं एवढं स्पष्ट उत्तर ते एकच.

शिंपल्यांचा प्रश्न मात्र तसाच होता. तो सुटला आमच्याच दिवाणखान्यात. लातूरला समुद्र नाही, पण लातूरकर रामेश्वरला जातो, कन्याकुमारीला जातो, गोकर्णाला जातो, आणि परत येताना समुद्राचा एक तुकडा आणून शोकेसमध्ये ठेवतो. आमच्या घरी सासूबाईंनी रामेश्वरहून आणलेला आरसा होता, चौकटीवर शिंपलेच शिंपले चिकटवलेला. सासूबाई नांदेडला असतात. तो आरसा त्यांनी भजनी मंडळाबरोबरच्या प्रवासात सगळा रस्ताभर मांडीवर धरून आणला होता, हे मला त्यांच्याच तोंडून माहीत होतं, आणि तरीही चंद्रप्रभा दळण आणायला गेलेली असताना मी उलथन्याने ते शिंपले उचकटले. परत आल्यावर ती चौकटीकडे बघत उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "आई दिवाळीला येणार आहे." मग पिठाचा डबा घेऊन आत गेली.

इतकं करून ते शिंपले निघाले पापडासारखे. ठोकला की चुरा. आता काय करावं म्हणून दारात बसलो होतो, तर शेजारचे उमाशंकरअप्पा आले. अप्पा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना कुठलीही गोष्ट चालू आहे आणि ती त्यांच्या सल्ल्याशिवाय चालू आहे, हे सहन होत नाही. त्यांनी माझे शिंपले हातात घेऊन वजन पाहिलं, उन्हात धरलं, आणि सिमेंट कमी पडलंय असं काहीसं तोंड केलं. मग घरी गेले आणि त्यांच्या न्हाणीघरातली साबणदाणी घेऊन आले. गोकर्णाहून आणलेला तळहाताएवढा जाडजूड शिंपला. बरीच वर्षं त्यात लाल साबण ठेवून त्याला कायमचा वास लागला होता. दोन अटींवर त्यांनी तो दिला. कार्यक्रमात पुढच्या रांगेत खुर्ची, आणि भाषणात नाव. मी दोन्ही मान्य केल्या.

तिथून पुढे आमच्या घरात आदिमानव नांदू लागला. मी शिंपला ठोकायला अंगणात बसायचो. घासायला खरबरीत दगड लागतो, म्हणून चंद्रप्रभेचा पाटा घेतला. तो धुऊन जागेवर ठेवला होता, हे मी शपथेवर सांगतो, पण त्या आठवड्यात शेंगदाण्याची चटणी दाताखाली करकरली आणि चंद्रप्रभेने ताट बाजूला सारून माझ्याकडे पाहिलं. वरच्या मजल्यावरच्या पोरांनी घासण्याच्या आवाजाने अभ्यास होत नाही म्हणून शिष्टमंडळ पाठवलं आणि भाडं कमी करा अशी मागणी केली. अप्पा रोज खुर्ची टाकून बसायचे आणि तिरपं धरा, पाणी टाका, पाणी टाकू नका, अशा सूचना द्यायचे. माझ्या बोटांवर चिकटपट्ट्या वाढत गेल्या. त्या शिंपल्याला धार येत होती यात शंका नाही, पण ती फक्त मला कळत होती. टोमॅटोला कळत नव्हती.

शेवटी एका संध्याकाळी मी अंगणातल्या वेलाला बांधलेल्या सुतळीवर तो शिंपला सहज ओढला आणि सुतळी तुटली. पुन्हा दुसरीकडे ओढला, पुन्हा तुटली. मग दुधी आणला. त्याची साल सुरेख निघाली. मी पायरीवर बसलो आणि मला खरोखर भरून आलं. हजारो वर्षांपूर्वी कुणी तरी असाच बोटं कापून घेत बसला असेल, त्याच्याही बायकोने तोंड फिरवलं असेल, आणि मग एकदम असं काही तरी तुटलं असेल. तो मला सख्ख्या भावासारखा वाटला. वर्गात इतकी वर्षं आदिमानव शिकवला, पण त्याची माझी गाठ त्या पायरीवर पडली. साबणाचा वास तेवढा येत होता.

आता उद्घाटन. मी सुचवलं की फीत नकोच. दारात सुतळी बांधू आणि अध्यक्ष ती शिंपल्याच्या सुरीने कापतील. उद्घाटन म्हणजेच प्रात्यक्षिक. प्राचार्य खूश झाले. अध्यक्षांनाही निरोप गेला आणि त्यांनाही ते आवडलं, कारण कात्रीने फिती कापून त्यांना कंटाळा आला होता आणि वर्तमानपत्रांनाही त्या फोटोंचा कंटाळा आला होता.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहाबाहेर ही गर्दी. शहरातल्या एका मोठ्या क्लासने आपली पोरं सुट्टी म्हणून पाठवली होती, शिवाय दहावीची पोरं, आईबाप, अध्यक्षांचे कार्यकर्ते. पुढच्या रांगेत खुर्चीवर बसायचं सोडून अप्पा दारातच उभे होते. मी सुरी तबकात ठेवून पुढे गेलो आणि दाराकडे बघून जागीच थांबलो. दारात सुतळी नव्हती. चकचकीत, रुंद, गुलाबी साटीनची फीत होती. प्राचार्य माझ्या कानाशी म्हणाले की सुतळी अध्यक्षांच्या इतमामाला शोभली नसती, म्हणून त्यांनी मंडपवाल्याकडून ही मुद्दाम मागवली. त्यांच्या चेहऱ्यावर फार समाधान होतं.

शेषेराव पुढे झाले. त्यांनी शिंपला हातात घेतला, वास घेतला, आणि फितीवर ओढला. फीत घसरली. पुन्हा ओढला. फीत ताणली आणि परत जागेवर आली. कॅमेरे चालू होते. कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग फीत तशीच आहे हे बघून थांबवल्या. ऊन चढत होतं. प्राचार्यांनी कात्री आणायला पाठवलं. कात्री जडवस्तूंच्या, म्हणजे डेड स्टॉकच्या, कपाटात होती, कपाटाची किल्ली रविकांतकडे होती आणि रविकांत नांदेडला गेला होता. कुणी तरी चुकून सुचवलं की साहेबांनी फितीखालून वाकून आत जावं. ते ऐकताच कार्यकर्त्यांचे चेहरे बदलले. निवडणूक तोंडावर होती. अध्यक्ष वाकले असा फोटो एकदा गावभर फिरला की संपलंच. शेषेराव तसेच ताठ उभे राहिले आणि त्यांच्यामागे सगळी गर्दी उन्हात ताठ उभी राहिली.

"मास्तर, हे कापत न्हाई," ते दातओठ खात हळूच म्हणाले.

मी म्हटलं, "साहेब, थोडं तिरपं धरा, आणि दुसऱ्या हाताने फीत ताणून घ्या."

हा सल्ला शास्त्रशुद्ध होता. त्यांनी फीत ताणली, सुरी तिरपी धरली, सगळा जोर लावला, सुरी फितीवरून घसरून हातातच फिरली आणि थेट उजव्या अंगठ्यात शिरली. काय सुरेख चिरलं. इतके दिवस मी जे सांगत होतो की शिंपल्याला धार येते, ते एका क्षणात सिद्ध झालं, पण तेव्हा आनंद मानायची वेळ नव्हती. रक्त गळत होतं.

तिथे जमलेली निम्मी पोरं उद्याची डॉक्टर होती. म्हणजे तसं त्यांच्या क्लासच्या फलकांवर लिहिलं होतं, त्यांच्या फोटोंसकट. शेषेरावांनी अंगठा वर धरला आणि पोरं भोवती जमली. त्यांनी रक्ताकडे अतिशय अभ्यासपूर्वक पाहिलं. एकाने ते शिरेतलं आहे असं सांगितलं. दुसऱ्याने रंग बघून केशिकेतलं म्हटलं. एका मुलीने रक्त गोठायला लागणारे सगळे घटक क्रमाने म्हणून दाखवले, एकही चुकला नाही, आणि तिच्या आईने अभिमानाने शेजारणीकडे पाहिलं. मग चार पर्यायांपैकी बरोबर कोणता यावर वाद सुरू झाला. अंगठा बांधायचा, हे त्या चारांत नव्हतं.

"आरं, कुनी बांधनार हाय का न्हाई?" शेषेराव शेवटी म्हणाले. पोरं एकमेकांकडे बघू लागली. त्यांना कुणी प्रश्न असा विचारतच नाही.

तेव्हा उमाशंकरअप्पा पुढे झाले. बांधकाम खात्यात असताना येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येक मंत्र्यासाठी फिती त्यांनीच बांधल्या होत्या, हे ते मला रोज सांगायचे आणि मी रोज ऐकत नसे. त्यांनी खांबाकडे जाऊन गाठीचं टोक ओढलं, फीत सोडून घेतली आणि शेषेरावांच्या अंगठ्याला घट्ट गुंडाळून वर छान फूल काढलं. दार मोकळं झालं. अध्यक्ष न वाकता, गुलाबी अंगठा उंच धरून आत गेले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत तोच फोटो होता, आणि खाली लिहिलं होतं की स्वतःचं रक्त सांडून अध्यक्षांनी शिक्षणकार्याचा आरंभ केला. फोटोत मीही होतो. माझं कोपर आलं होतं.

चार दिवसांनी अध्यक्षांनी मला बंगल्यावर बोलावलं. मी चंद्रप्रभेला सांगून गेलो की बहुधा सगळं मिटलं. आत गेल्यावर चहा आला, म्हणजे गंभीर होतं. शेषेराव खुशीत होते. फोटो गाजला होता. त्यांनी अंगठ्यावरची पट्टी कुरवाळत माझ्याकडे बघितलं.

"मास्तर, तुमच्या हातात लई कला हाय. असा मानूस इतिहासात वाया चाललाय बगा."

मी म्हटलं, "साहेब, कला वगैरे नाही, मी इतिहासच..."

"न्हाई न्हाई. आपल्या देगलूरच्या शाळंत कार्यानुभवाची जागा रिकामी हाय. हातानं करायचं सगळं. तुमच्यासाठीच राखून ठेवल्यावानी."

हे सगळं ते प्रेमाने बोलले. त्यांना मला शिक्षा करायची नव्हती, हेच मला जास्त लागलं. शिक्षा असती तर भांडता आलं असतं. माझ्या हातावर बक्षीस ठेवल्यासारखा आदेश ठेवला गेला आणि मी आभार मानून बाहेर पडलो. रस्त्यात मला इतकं वाईट वाटलं की घराची गल्ली सोडून पुढे गेलो. माझ्या खोलीत आता गार हवा आहे. कलाशाखेला पोरं आली होती, बरं का. चांगली बरीच आली होती, सुरी बघून. त्यांना सांगण्यात आलं की शिक्षक नसल्यामुळे तुकडी बंद आहे.

देगलूरला निघताना चंद्रप्रभेने माझ्या पिशवीत डबा ठेवला आणि त्याखाली सासूबाईंचा बोडका आरसा. "आधी हे करा," म्हणाली, "मग काय ते कार्यानुभव शिकवा." त्यामुळे देगलूरच्या शाळेत माझा पहिला धडा होता चौकटीवर शिंपले चिकटवणे. अर्धं मराठी अर्धं तेलुगू बोलणारी ती पोरं फार गोड. शिंपले कुणाच्या घरच्या तिरुपतीच्या फेरीतून, कुणाच्या रामेश्वरातून आले. हे कशासाठी वापरायचे पूर्वी, असं मी सांगायला लागलो की मुख्याध्यापक दारातून डोकावून म्हणायचे, "सर, गोष्टी राहू द्या, डिंक वाळायलाय." दिवाळीआधी आरसा तयार झाला. सासूबाईंनी तो बघितला आणि म्हणाल्या की पहिल्यापेक्षा चांगला दिसतो, घासून पुसून ठेवला वाटतं. चंद्रप्रभेने माझ्याकडे न बघता त्यांना चकली वाढली.

पुढे शाळेत हस्तकलेचं प्रदर्शन भरलं आणि उद्घाटनाला शेषेराव आले. दारात फीत होती, गुलाबीच. मुख्याध्यापकांच्या कानावर मागची गोष्ट आलेली असल्यामुळे त्यांनी तबकात दोन कात्र्या ठेवल्या होत्या, शिवाय एक त्यांच्या खिशात होती. बाजूला माझ्या वर्गाने केलेले आरसे मांडले होते, सगळे शिंपल्यांचे. मी त्यांच्याशेजारी हात बांधून उभा होतो. शेषेराव हसत, नमस्कार घेत, हार सांभाळत पुढे आले. आरशांपाशी थांबले, एका आरशात टोपी नीट केली, आणि त्यात मागे उभा असलेला मी त्यांना दिसलो.

त्यांनी कात्री उचलली ती डाव्या हाताने. उजवा अंगठा त्यांनी मुठीत घेतला होता आणि मी तिथे होतो तोवर तो बाहेर काढला नाही.